अर्धी दाढी

रेझर उजव्या गालावरून उतरून हनुवटीपाशी आला होता, तेवढ्यात लाइट खाली जायला लागला. गेला नाही, खाली जायला लागला. लाइन गेली असती तर कुंजीलालने ठरलेल्या दोन शिव्या घातल्या असत्या आणि आरसा घेऊन दारात जाऊन बसला असता. पण हा उजेड जात नव्हता, कोणीतरी त्याला हाताला धरून खाली नेत होतं. आरशात आधी कान गेले. मग डोळ्यांखालच्या खोबणी भरत आल्या. फेस पांढऱ्याचा राखाडी झाला, आणि शेवटी नाकाचा शेंडा तेवढा उरला. खोलीच्या एकुलत्या खिडकीला लागून शेजारच्या चुन्नीलालची भिंत उभी, त्यामुळे रविवारच्या भर सकाळीही तिथे दिव्याशिवाय स्वतःचं तोंड दिसत नसे. कुंजीलाल रेझर तसाच धरून बसला. हा उजेड त्याच्या ओळखीचा होता. उमेदीची सगळी वर्षं त्याने तो दुसऱ्यांवर पाडला होता, राजांवर, सासुरवाशिणींवर, गोळी लागलेल्या फौजदारांवर. नाटकात माणूस मरताना द्यायचा तो उजेड. आज तो त्याच्यावर पडला होता आणि पाडणारा हात त्याचा नव्हता. तळाला जाऊन लाइट थोडा थांबला, झर्रकन वर आला, डोळे दिपवून परत खाली निघाला. बाहेर हॉलमध्ये कोणीतरी हसलं. रेझर हनुवटीवर घसरला आणि फेसात लाल रेघ उमटली.

तो तसाच बाहेर आला. अर्धा गाल साफ, अर्ध्यावर फेस. सोफ्यावर त्याचा मुलगा खुमेंद्र बसला होता, हातात फोन. शेजारी चुन्नीलाल, एका हातात चहाचा कप, मान फोनवर वाकलेली. खुमेंद्र अंगठा स्क्रीनवर वरखाली फिरवत होता, तिखट कमी आहे की जास्त ते बोटावर घेऊन बघावं तसा.

"देखा अंकल, यहीं बैठे-बैठे. बाबूजी का कमरा. जितना चाहिये उतना उजाला."

"अरे, बाबूजी तो दाढ़ी बना रहे थे," चुन्नीलाल म्हणाला, आणि दोघंही हसले.

"बाबा, दाढी करून राहिले होते का तुमी? मले वाटलं झोपले हाव."

"झोपलेल्याच्या अंगावर लाइट कायले पाडतं मंग?"

"अजी, दाखवून राहिलो होतो यांले. पाहा ना तुमी बी." खुमेंद्रने फोन त्याच्या तोंडापुढे धरला. फोनवर चार चित्रं होती आणि प्रत्येकाखाली एक आडवी रेघ, रेघेवर सरकणारा गोळा. स्वयंपाकघराच्या रेघेवर कुकर. हॉलच्या रेघेवर टीव्ही. खुमेंद्र आणि त्याची बायको योगेश्वरी यांच्या खोलीला पलंग. चौथ्या रेघेवर एक म्हातारा होता. कंबरेत वाकलेला, हातात काठी. चिमुकला, काळा, तोंड नसलेला.

"हा कोण होय?"

"कोणी नाही. निशाणी आहे तुमच्या खोलीची."

"मी काठी कधी धरली?"

"अब बाबूजी, वीआईपी निशानी दी है आपको," चुन्नीलाल म्हणाला, "हमारे घर में तो हमको ये भी नहीं मिलेगी."

"घर में ही बनाया अंकल, पूरा सिस्टम मैंने खुद," खुमेंद्र म्हणाला, आणि चुन्नीलालच्या घरात वायरिंग कुठून न्यायची ते बघायला दोघं उठून बाहेर पडले. स्वयंपाकघराच्या दारात योगेश्वरी चहाचं पातेलं हातात घेऊन उभी होती. सिस्टम तिचं होतं. पॉलिटेक्निकमध्ये ती इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची, कंत्राटावर. पोरांना दाखवायला म्हणून महिनाभर जेवायच्या टेबलावर पसारा मांडून तिने हे उभं केलं होतं, आणि पुढच्या वर्षी तिला ठेवायचं की काढायचं हे उद्या कॉलेजवाले ते बघून ठरवणार होते. 'मैंने खुद' हे शब्द तिच्या कानावरून गेले. ती पातेलं घेऊन आत वळली.

कुंजीलाल हॉलमध्येच उभा राहिला. फेस वाळून गाल ताणला जात होता. परत खोलीत जाऊन दाढी पुरी करावी, एवढी साधी गोष्ट. पण पाय उचलेना, कारण त्या खोलीतला उजेड आता त्याचा नव्हता. मागच्या रविवारपर्यंत दारालगत भिंतीवर एक काळं बटन होतं. दवनीवाड्याचं घर आणि धानाची बांधी पुतण्याला बटईने, अर्ध्या पिकाच्या बोलीवर देऊन तो गोंदियाला आला, तेव्हापासून या घरात त्याचं म्हणावं असं ते एकच होतं. जेवण त्यांच्या वेळेला, टीव्ही त्यांच्या आवडीचा, नळाचं पाणी जायच्या आत आंघोळ उरकायची तीही त्यांच्या सोयीने. बटन मात्र तो स्वतः दाबायचा. आणि खुमेंद्रने ते काढून तिथे पांढरं झाकण बसवलं होतं. 'आता तुमाले उठाची गरज नाही बाबा.' किती प्रेमाने म्हणाला होता. त्या प्रेमाचाच त्याला आता संताप येत होता. उठायची गरज नाही. पहाटे आपोआप लागेल, रात्री आपोआप जाईल, मधे काही लागलं तर मला आवाज द्या. म्हणजे आता लघवीला उठायचं तरी पोराला हाक मारून उजेड मागायचा. माणसाच्या हातून एक-एक वस्तू काढून घ्यायची, आणि प्रत्येक वेळी म्हणायचं, आता तुम्हाला गरज नाही. मग उरतो तो चित्रातला. वाकलेला, तोंड नसलेला, आणि त्याच्याखाली एक रेघ, कोणीही बोटाने सरकवावी अशी.

काठी तर काठी. पण ज्या माणसाने उजेड खाली आणायचं काम केलं, त्याच्यावर तो खाली आणून हसायचं? खुमेंद्रला काय माहीत नव्हतं? लहानपणी आईच्या मांडीवर बसून त्याने बापाचं काम पाहिलं होतं. दिवाळी झाली की गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू व्हायच्या. मंडई म्हटली की नाटक आलंच, आणि नाटक म्हटलं की शालीकरामची कंपनी. शालीकराम मालक, राजा तोच आणि खलनायकही तोच, तोंडात सदा पान आणि शिवी. स्टेजच्या बाजूला पडद्याआड कुंजीलालची जागा. तिथे चिनी मातीचे जाड पाइप उभे केलेले असायचे, बूड सिमेंटने बंद केलेले, आत मिठाचं पाणी. तळाला एक पत्रा, आणि वरून दोरीला टांगलेला दुसरा. वरचा पत्रा खाली सोडला की स्टेज लखलखायचं, वर ओढला की उजेड मंदावायचा. पाण्यातून वीज जाते तेवढी जाऊ द्यायची, बाकीची पाण्यात मुरवायची, असलं ते काम. मीठ किती, ते जिभेला लावून ठरायचं. नाटक रंगेपर्यंत पाणी तापायचं, मग उकळायचं, वाफ डोळ्यांत जायची, आणि बादलीत नवं मीठ कालवून ते गार पाणी घालत, कान संवादाकडे ठेवून दोऱ्या ओढत बसायचं. लोक टाळ्या वाजवायचे त्या राजाला. त्याबद्दल त्याला कधी काही वाटलं नाही. मिठाने बोटं फाटली, भरली, परत फाटली, आणि शेवटी बोटांवरच्या रेघाच गेल्या. राशनच्या दुकानात आता अंगठ्याचं मशीन आलं होतं. ते त्याचा अंगठा घेत नसे. दुकानदार म्हणायचा, 'पुसा ना बाबा, पुसून ठेवा.' पुसून काय येतं? या मशीनच्या लेखी तो नव्हताच. मशीनला दिसत नाही, पोराला वाकलेला दिसतो, आणि दोघंही म्हणतात यात रागावण्यासारखं काय आहे.

तो जेवायच्या टेबलाशी गेला आणि खुर्ची ओढून बसला. खुर्चीचा आवाज मुद्दाम केला. योगेश्वरी लॅपटॉपपुढे बसली होती. शेजारी एक हिरवी पट्टी, काड्यापेटीपेक्षा लहान, तिला लाल-काळ्या तारा, आणि तारांच्या टोकाला तांदळाएवढा एक दिवा. घरभरच्या लाइटांना अशीच एकेक पट्टी छतात लपवली होती, हे त्याला माहीत होतं.

"मामाजी, फेस वाळला तुमचा," ती सासऱ्याला म्हणाली. "गरम पाणी देऊ का?"

"ते बुढ्याचं चित्र तूनं काढलं?"

तिने बोटं थांबवली. "काढलं नाही. नेटवर फुकटात भेटते. म्हातारा माणूस असं लिहिलं तं हेच येते. शंभर येतात, शंभराच्या हातात काठी." मग थोडं थांबून, "मले लहान करा लागते ना ते. चिपमधी जागा कमी आहे, मोठं चित्र बसतच नाही. इतकं लहान केलं की काठी नसली तं माणूस आहे का खांब, ते समजत नाही."

"म्हणजे मी काठीवरून समजतो."

ती वाद न घालता पुन्हा टाइप करू लागली. हे तिचं त्याला आवडायचं आणि आज तेच चिडवत होतं. भांडायला आलेल्या माणसाशी कोणी भांडू नये याहून मोठा अपमान नसतो. त्याने बोट हिरव्या पट्टीकडे केलं. "आणि हे लाइट कमी कसा करते? पाणी नाही, काही नाही. बाकीची वीज जाते कुठं?"

"कुठंच नाही जात. तो कमी होतच नाही, मामाजी. भराभर चालू-बंद होते. इतक्या जोरात, की डोळ्याले समजत नाही. जास्त वेळ बंद ठेवला की आपल्याले वाटते कमी झाला."

"म्हणजे फसवते."

"फसवतेच म्हणा ना."

हे ऐकून त्याच्या डोक्यात काहीतरी भडकलं, आणि ते नेमकं काय ते त्याला लगेच कळेना. कमी होत नाही. लागतो आणि विझतो, लागतो आणि विझतो, आणि आपल्याला वाटतं कोणीतरी हळूच सांभाळून खाली नेतंय. त्याच्या पाण्यातून उजेड खरोखर कमी व्हायचा. वीज पाण्यात मुरायची, त्याचा हात गरम व्हायचा, कमी होण्याची काहीतरी किंमत कोणीतरी भरायचं. इथे फुकट. बोटाने, सोफ्यावर बसून. आणि हे होतं तर तेव्हा कुठे होतं? असं तांदळाएवढं काहीतरी खिशात असतं तर? त्याची बायको धनवंता दवाखान्याच्या वॉर्डात होती तेव्हा? तिच्या खाटेच्या अगदी वर एक ट्यूबलाइट होती. आजाराने डोळे असे झाले होते की उजेड तिला काट्यासारखा लागायचा. एवढं सगळं शरीर नासलं, पण तिने दुखतं म्हणून तक्रार केली नाही. एकच म्हणायची, 'लाइट कमी करा ना जी, डोळ्यावर येते.' त्याला म्हणायची. कारण तिच्या लेखी तो जगातला असा माणूस होता ज्याला उजेड कमी करता येतो. लग्न होऊन आली तेव्हापासून हेच तिने माहेरी सांगितलं होतं, माझा माणूस नाटकात उजेड करतो. त्याने वॉर्डातल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, 'सगळ्या वॉर्डाचं एकच बटन आहे. तुमच्या बाईसाठी पुऱ्या वॉर्डाले अंधारात ठेवू का?' बरोबरच होतं त्याचं. कुंजीलाल तिच्या डोळ्यांवर हाताचा पंजा धरून उभा राहिला. हात भरून आला की दुसरा धरायचा. मग ती म्हणाली, 'हात हटवा, तुमी दिसत नाही.' हटवला की डोळे मिटून घ्यायची. धरला की म्हणायची दिसत नाही. अशी ती गेली, लखलखीत पांढऱ्या उजेडात, गोदामात माल तपासावा तशी. शालीकरामच्या कंपनीत भाड्याने आणलेल्या नटीलासुद्धा त्याने असं मरू दिलं नव्हतं. प्रत्येकीला त्याने अलगद नेलं होतं, दोरी बोटाबोटाने ओढत, जीव मुठीत धरून. फक्त हिला नाही.

"मामाजी." योगेश्वरी बोलत होती. "मघाशी तुमच्यावर केलं ना यांनी, ते मले आवडलं नाही. मी म्हटलं होतं विचारून करा."

"तो चुन्नीलालले सांगत होता का मीच बनवलं."

"मालूम आहे. मले कान आहेत."

"मंग बोलली काऊन नाही?"

"चहा उतू जाऊन राहिला होता."

त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. चेहरा सपाट होता, पण नाकपुड्या फुगल्या होत्या. म्हणजे राग या टेबलावर दोघांचा होता तर. त्याला थोडं बरं वाटलं आणि बरं वाटल्याचाही राग आला. तो भांडण उकरायच्या बेताने म्हणाला, "तुयं मशीन काही धड नाही. असले खेळ आमी लय पाहिले. वरून खाली येताना आधी काही दिसतच नाही आणि शेवटाले धपकन पडते. नव्या पोट्ट्याच्या हातात दोरी दिली की हेच होत होतं."

"होत होतं," ती शांतपणे म्हणाली. "पहिले माह्यानंही असंच झालं. अर्धं केलं तं अर्धं वाटतच नाही डोळ्याले. मंग आकडे बदलवले. वरच्या बाजूनं घाई, खालच्या बाजूनं दम. आता मघाशी पडला का धपकन?"

नव्हता पडला. म्हणून तर त्याने तो ओळखला होता. वरून घाई आणि खाली दम. हे शिकायला त्याला एक अख्खा हंगाम गेला होता, शालीकरामच्या आईबहिणीवरच्या शिव्या खात, भाजलेल्या हातांना खोबरेल लावत. आणि या पोरीने ते आकड्यांच्या एका ओळीत घालून ठेवलं होतं. जाऊन आकड्यांवर थुंकावं असं त्याला वाटलं. "हे कोणं सांगितलं तुले?"

"फॉर्म्युला असते त्याचा, कॉलेजात शिकवतो आमी. पण फॉर्म्युल्यानं मले पायजे तसं आलं नाही. शेवट जमत नव्हता. मले एक आठवत होतं, तसं पायजे होतं." तिने तांदळाएवढा दिवा लावला आणि माउस हळूहळू डावीकडे नेला. दिवा मावळत गेला. "मी लहान होतो तवा मामाच्या गावाले, सालेकशाकडं, मंडईत नाटक पाहिलं होतं. त्यात एक बाई मरते. नाव-गाव काही आठवत नाही. पण लाइट कधी गेला ते समजलंच नाही, मामाजी. अंधार झाला होता तरी माही आजी पाहूनच राहिली होती. मी म्हटलं, आजी, संपलं. तं ते म्हणे, थांब, अजून आहे." दिवा गेला होता. कधी गेला ते कुंजीलालला सांगता आलं नसतं. "महिनाभर ते आठवून-आठवून आकडे लावले. पन्नासदा बदलवले. तो लाइटवाला मात्र गजब खडूस होता."

"काऊन?"

"आमी पोट्टे पाहायले गेलो ना पडद्यामागं, वाफ निघून राहिली होती म्हणून. त्यानं बादली उचलली आणि पाणीच फेकलं अंगावर. खारट. माह्या तोंडात गेलं. नवा फ्रॉक होता, मामीनं मारलं वरून."

कुंजीलालने आपले हात टेबलाखाली घेतले. किती पोरं हाकलली होती त्याने अशी, गावोगावी. चेहरे कोण लक्षात ठेवतो? वाफ दिसली की पोरं यायची, पाइपात हात घालून बघायला. ओरडून ऐकत नसत. दगड मारला तर लागायचा. मग बादलीतलं गार खारं पाणी, तेच बरं.

"बरंच केलं त्यानं," तो म्हणाला.

"अजी, बरं काय केलं? माह्यावर कायले फेकलं?"

"मरशीन म्हणून. पाइपात करंट होता. हात घातला असता तं तितंच चिकटली असती."

योगेश्वरीने माउसवरचा हात उचलला. त्याच्या अर्ध्या फेसाकडे पाहिलं, मग टेबलाखाली गेलेल्या हातांकडे. सासरा पूर्वी नाटकात होता एवढं तिला ठाऊक होतं, तिथे काय करायचा ते नाही. या घरात त्याबद्दल कोणी बोलत नसे, खुमेंद्रला ते सांगायला आवडत नसे.  स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. मग ती एवढंच म्हणाली, "फ्रॉक पिवळा होता."

"असन," तो म्हणाला. आणि लगेच पुन्हा रागावून म्हणाला, "ते झाकण काढ. मले माहं बटन दे."

"यांले काय सांगू?"

"त्याले मी सांगतो. माह्या खोलीचा लाइट तुमच्या फोनात नोको. तुहं कॉलेजचं काम तीन खोल्यांत होते का नाही?"

"होईन." तिने थोडा विचार केला. चार खोल्या तिने ठरवल्या होत्या, चार दाखवणार म्हणून सांगूनही आली होती. ते तिच्या कपाळावर दिसत होतं. "तीन दाखवू. पण चित्र बदलवून पाहू का एकदा? बटन बी देतो, चित्र बी चांगलं करतो. खोली राहू द्या फोनात."

तिने चित्र मोठं करून उघडलं. मोठं केल्यावर तो म्हातारा म्हातारा राहिलाच नाही. काळे-पांढरे चौकोन नुसते, चटई विणावी तसे. ती काठीचा एकेक चौकोन पुसत गेली. काठी गेली आणि माणूस पुढे पडायला आल्यासारखा दिसू लागला, जमिनीवर हरवलेलं काहीतरी शोधत असल्यासारखा. तिने पाठीचे चौकोन उचलून वर लावले. तो सरळ झाला, पण आता हात तसाच पुढे राहिला होता.

"हा तं ट्रॅफिकवाला झाला," कुंजीलाल म्हणाला.

ती फस्सकन हसली. "टोपी देऊ का?"

"पाइप काढता येते? पाण्याचा?"

तिने काढून पाहिला. उभा चौकोन, वर दोन ठिपके वाफेचे. लहान केल्यावर तो दुधाचा ग्लास दिसत होता. तिने दोरी घातली, तर विहीर झाली. मोठ्या चित्रात सगळं होतं, दोरी, पत्रा, वाफ. लहान केलं की काही उरत नव्हतं. "जागाच नाही ना," ती वैतागून म्हणाली, आणि तो वैताग खरा होता, चिपवरचा, कॉलेजवरचा, चुन्नीलालच्या घरात फिरत असलेल्या नवऱ्यावरचा. कुंजीलालला वाटलं, हेच तर आहे. मोठं असतं तेव्हा मीठ, वाफ, फाटलेली बोटं, अंधारात बघत बसलेली कोणाची आजी. लहान करून कोणाच्या फोनात बसवायला गेलं की काठी.

"पूस," तो म्हणाला. "मले चित्र नोको. ज्याले माह्या खोलीत काम आहे तो दारात येऊन पाहीन."

तिने सगळं पुसलं. फोनवरच्या चार चित्रांत एक पांढरी जागा राहिली. मग तिने काहीतरी टाइप केलं, हिरव्या पट्टीवर एक निळा ठिपका लुकलुकला, आणि पांढरी जागाही गेली. ती उठली, डब्यातून एक गोल बटन काढलं, रेडिओचा आवाज कमी-जास्त करायला असतं तसं. फोनवर आणायच्या आधी हातानेच तपासून पाहायला आणलं होतं, म्हणाली. त्याच्या खोलीत स्टुलावर चढून तिने पांढरं झाकण काढलं, तारा सोडवल्या, दातांनी सोलल्या. तो खाली उभा राहून स्क्रू धरत होता. बोटांना रेघा नसल्याने स्क्रू निसटायचे. एक खाटेखाली गेला. दोघांनी वाकून शोधला, आणि वाकताना त्याला ते चित्र आठवलं आणि पुन्हा तिडीक आली.

"हे घ्या," ती म्हणाली. "आकडे तेच आहेत आतमधी. वर घाई, खाली दम." आणि त्याच्या हातात गरम पाण्याचा मग देऊन गेली.

कुंजीलालने बटन पूर्ण उजवीकडे फिरवलं. खोली पांढरी पडली. एवढा पांढरा उजेड त्याला कधीच सोसला नव्हता. त्या वॉर्डापासून तर नाहीच. तरी त्याने तो तसाच ठेवला. डोळ्यांत पाणी आलं तरी ठेवला, कारण आता तो कमी करायला सांगणारं कोणी नव्हतं, आणि कमी करणारं दुसरं कोणी नव्हतं. ब्रश पाण्यात बुडवून त्याने वाळलेल्या फेसावर नवा फेस चढवला. डावा गाल खाली ओढून रेझर लावला. आरशात प्रत्येक खुंट दिसत होता, हनुवटीवरचं वाळलेलं रक्त दिसत होतं.

हॉलचं दार वाजलं. चपलांचा आवाज. मग खुमेंद्रचा. "योगू, बाबाची खोली दिसून नाही राहिली फोनात."

"नाही दिसणार," स्वयंपाकघरातून आवाज आला. "मी काढून टाकली."

"काढून टाकली म्हणजे? मी अंकलले चार सांगून आलो."

"तीन सांगा. आणि कोणं बनवलं ते बी सांगा."

 मग पावलं खोलीकडे आली, रागात, टाचा आपटत, आणि दारात येऊन थांबली. कुंजीलालने वळून पाहिलं नाही. आरशात त्याला मुलगा दिसत होता. एका हातात फोन, अंगठा अजून त्याच जागी, आणि दुसरा हात डोळ्यांवर आडवा. बोलायला आला होता ते विसरला असावा. पांढऱ्या उजेडात त्याचे डोळे अगदी तसेच बारीक झाले होते, आईसारखे, कोपऱ्यांत सुरकुत्या घेऊन.

"बाबा, लाइट कमी करा ना," तो म्हणाला. "डोळ्यावर येते."

रेझर गालावर थांबला. कुंजीलालला वाटलं म्हणावं, सगळ्या वॉर्डाचं एकच बटन आहे. जिभेवर आलं होतं. मघाचं हसू आठवत होतं, काठी आठवत होती, आणि हा दारात डोळे झाकून उभा होता. उभा राहू दे. त्याने घाई केली नाही. कानशिलापासून जबड्यापर्यंत शेवटचा पट्टा उतरवला, रेझर मगात खळबळून ठेवला, पंच्याने दोन्ही गाल पुसले. मग उठला, भिंतीशी गेला आणि ओले, गुळगुळीत झालेले अंगठा आणि बोट त्या गोल बटनावर ठेवले. राग तसाच होता, कमी झाला नव्हता. त्याने बटन डावीकडे फिरवायला सुरुवात केली, आधी घाईने, मग दम धरून, आणि दारातल्या मुलाकडे बघत विचारलं,

"कुठं थांबू ते सांग."